आंतरराष्ट्रीय न्यायालयांतील विधिसल्लागार

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशांना कायद्याच्या प्रश्नांचे संशोधन, पूर्वनिर्णयांची छाननी, टिपणे व न्यायनिर्णयाचे मसुदे यांबाबत साहाय्य करणारा, परंतु निर्णयात मताधिकार नसलेला अधिकारी. निरनिराळ्या न्यायालयांत त्यास विधिसचिव, प्रमुख विधिसचिव, ज्येष्ठ विधी अधिकारी, विधिसल्लागार अशी वेगवेगळी पदनामे आहेत. काही ठिकाणी हे काम न्यायालयाच्या प्रबंधक कार्यालयातून चालते, तर काही ठिकाणी सल्लागार थेट न्यायपीठाशी वा एखाद्या न्यायाधीशाशी जोडलेला असतो. पदनाम व रचना कोणतीही असली, तरी या पदाच्या इतिहासात एकच प्रश्न पुन:पुन्हा उपस्थित झालेला दिसतो : साहाय्य कोठे संपते आणि निर्णय कोठे सुरू होतो ?

देशांतर्गत न्यायालयांपेक्षा आंतरराष्ट्रीय न्यायालयांत हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. सार्वभौम राष्ट्रे अशा न्यायालयाचा अधिकार आपल्या संमतीने मान्य करतात आणि न्यायाधीशांची निवडही राष्ट्रांच्या मतदानाने होते. सल्लागाराची निवड मात्र राष्ट्रे करीत नाहीत. त्याचे नाव न्यायनिर्णयावर नसते, त्याचे टिपण पक्षांना पाहावयास मिळत नाही आणि त्यास प्रत्युत्तर देण्याची संधीही त्यांना नसते. म्हणून त्याच्या लेखणीचा प्रभाव किती असावा, हा केवळ कार्यालयीन सोयीचा प्रश्न राहत नाही. न्यायालयाच्या वैधतेशी तो निगडित होतो.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात राष्ट्राराष्ट्रांतील तंटे प्रसंगानुसार नेमलेल्या लवादांपुढे जात. अमेरिका व ग्रेट ब्रिटन यांच्यातील ‘अलाबामा’ दाव्यांचा निवाडा जिनीव्हा येथे पाच लवादांच्या मंडळाने १८७२ मध्ये दिला. मंडळास एक सचिव होता. पण तो मुख्यत: बैठकींची नोंद ठेवणारा व कागदपत्रे सांभाळणारा अधिकारी होता. निवाडा झाला, की मंडळाबरोबर त्याचे कार्यालयही संपे. १८९९ च्या हेग परिषदेने स्थायी लवाद न्यायालय स्थापन केले, तेव्हा त्याच्या दिमतीस आंतरराष्ट्रीय कार्यालय नावाची कायम यंत्रणा आली. या संस्थेत लवाद बदलत, कार्यालय मात्र टिकून राही. आंतरराष्ट्रीय न्यायदानाच्या कार्यपद्धतीची स्मृती एका स्थायी कार्यालयात साठविली जाऊ लागली, ती येथपासून.

याच सुमारास राष्ट्रीय न्यायालयांतही अशा साहाय्याची परंपरा रुजत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८८२ मध्ये न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणास आपला साहाय्यक म्हणून घेण्याचा प्रघात पाडला. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी मात्र प्रारंभी ही वैयक्तिक साहाय्यकाची पद्धत स्वीकारली नाही. त्यांचा कल अवघ्या न्यायालयाची समान सेवा करणाऱ्या कार्यालयाकडे होता.

स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालय : राष्ट्रसंघाने नेमलेल्या विधिज्ञांच्या सल्लागार समितीने १९२० च्या उन्हाळ्यात हेग येथे स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचा मसुदा तयार केला. या समितीचे सचिवपद इटालियन विधिवेत्ते दिओनीझ्यो आन्त्सिलोत्ती यांच्याकडे होते आणि त्यांच्या हाताखाली राष्ट्रसंघाच्या सचिवालयातील तरुण स्वीडिश अधिकारी ऑके हामारशल्ड काम करीत होते. पुढे आन्त्सिलोत्ती या न्यायालयाचे न्यायाधीश आणि १९२८ ते १९३० या काळात अध्यक्ष झाले. ज्यांनी मतदानाचा हक्क नसताना इतरांचे विचार शब्दबद्ध केले, त्यांनाच पुढे न्यायासनावर बसण्याचा मान मिळाला, असे हे पहिले ठळक उदाहरण होय.

हामारशल्ड (१८९३–१९३७) यांची फेब्रुवारी १९२२ मध्ये न्यायालयाचे पहिले प्रबंधक म्हणून निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. संयुक्त राष्ट्रांचे पुढील काळातील महासचिव दाग हामारशल्ड हे त्यांचे धाकटे बंधू. या नव्या न्यायालयास कार्यपद्धतीची कोणतीही परंपरा नव्हती. नियम, नोंदवह्या, प्रकाशने, वार्षिक अहवाल आणि राष्ट्रांशी होणारा पत्रव्यवहार या सर्वांना आकार देण्याचे काम प्रबंधकांवर पडले. न्यायाधीश वेगवेगळ्या देशांतून व वेगवेगळ्या विधिपरंपरांतून आलेले होते. इंग्रजी कायद्यात वाढलेला न्यायाधीश पूर्वनिर्णयांकडे ज्या दृष्टीने पाही, ती फ्रेंच अथवा जपानी न्यायाधीशाची नसे. अशा मंडळात सर्व प्रकरणे ठाऊक असणारा आणि दोन्ही अधिकृत भाषांत मसुदा करू शकणारा अधिकारी हा केवळ लेखनिक राहणे शक्य नव्हते. १९३६ मध्ये हामारशल्ड यांची त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशपदी निवड झाली; परंतु पुढच्याच वर्षी वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रबंधकाचा प्रभाव वाढत असतानाच न्यायालयाने आपली अंतर्गत कार्यपद्धतीही लेखी स्वरूपात निश्चित केली. २० फेब्रुवारी १९३१ च्या ठरावानुसार विचारविनिमय, न्यायाधीशांची लेखी टिपणे, मसुदा समिती व मतदान यांचा क्रम ठरला. या ठरावाचे महत्त्व असे, की साहाय्य घेण्यास त्याने प्रतिबंध केला नाही. मात्र प्रत्येक टप्प्यावर निर्णयाची सूत्रे न्यायाधीशांच्या हाती राहतील अशी तजवीज केली.

आंतरराष्ट्रीय न्यायालय : दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये स्थायी न्यायालयाची जागा संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने घेतली. हेगच्या शांतता प्रासादातील वास्तू, संविधीचा बहुतेक भाग आणि प्रबंधक कार्यालयाची परंपरा या तिन्ही गोष्टी नव्या न्यायालयाकडे आल्या. नॉर्वेचे एडवर्ड हाम्ब्रो हे पहिले प्रबंधक झाले (१९४६–५३). प्रबंधकाची निवड न्यायालय स्वत: गुप्त मतदानाने सात वर्षांसाठी करते. त्याच्या हाताखालील विधी विभाग हा न्यायाधीशांच्या सल्लागारांचा मुख्य गट असून भाषा विभाग त्याच्या बरोबरीने काम करतो. या विभागांतील अधिकारी पदग्रहणाच्या वेळी निष्ठा, गोपनीयता व सचोटी यांविषयी गंभीर प्रतिज्ञा करतात.

विधी अधिकाऱ्याचे काम प्रकरण दाखल होताच सुरू होते. अर्जातील अधिकारितेचा आधार, मुदती, पूर्वीच्या निर्णयांतील संबंधित उतारे आणि पक्षांच्या युक्तिवादांतील अंतर यांविषयी तो टिपणे तयार करतो. तोंडी सुनावणी संपल्यावर अध्यक्ष निर्णयार्थ मुद्द्यांची यादी न्यायाधीशांपुढे ठेवतात. १२ एप्रिल १९७६ च्या ठरावाने निश्चित झालेल्या पद्धतीप्रमाणे सामान्यत: प्रत्येक न्यायाधीश आपले मत लेखी टिपणाच्या रूपाने मांडतो. नंतरच्या विचारविनिमयात बहुमताचा कल स्पष्ट झाला, म्हणजे मसुदा समितीसाठी दोन न्यायाधीश गुप्त मतदानाने निवडले जातात. अध्यक्ष बहुमताच्या बाजूचे असल्यास ते समितीत पदसिद्ध असतात. समितीच्या सचिवालयाचे काम विधी विभागातील अधिकारी करतात. मसुद्याचे पहिले व दुसरे वाचन होते, दुरुस्त्या होतात आणि शेवटी कनिष्ठ न्यायाधीशापासून प्रारंभ करून उलट ज्येष्ठताक्रमाने मतदान घेतले जाते.

विचारविनिमय गुप्त असतो. त्यात केवळ न्यायाधीश भाग घेतात. प्रबंधक व आवश्यक तेवढे कर्मचारी उपस्थित राहतात. ‘भाग घेणे’ आणि ‘उपस्थित राहणे’ या दोन शब्दप्रयोगांतील भेदात या पदाची सर्व मर्यादा सामावलेली आहे. सल्लागार त्या दालनात बसतो, सर्व ऐकतो, विचारल्यास माहिती पुरवितो. परंतु वादात उतरत नाही.

न्यायालयाच्या नियमांचे व निर्णयांचे सर्वांत बारकाईचे ज्ञान पुष्कळदा याच अधिकाऱ्यांपाशी असते. ह्यू थर्लवे यांनी १९६८ ते १९९४ या काळात प्रबंधक कार्यालयात काम केले व ते प्रमुख विधिसचिव झाले. न्यायालयाचा कायदा व कार्यपद्धती यांवरील त्यांची प्रदीर्घ लेखमाला या विषयाच्या अभ्यासकांत प्रमाणभूत मानली जाते. सांतिआगो तोर्रेस बेर्नार्देस हे प्रबंधकपदावरून (१९८०–८६) निवृत्त झाल्यावर त्याच न्यायालयापुढील प्रकरणांत तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले.

भाषा, दस्तऐवज व काळाचे बंधन : सल्लागारांच्या कामाचे महत्त्व पटविणारे एक प्रकरण महाराष्ट्र व गोवा यांच्या इतिहासाशी निकटचे आहे. दाद्रा व नगरहवेली या वसाहती १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यानंतर, दमणहून तेथे जाण्याचा मार्ग भारताने रोखला म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये न्यायालयाकडे अर्ज केला. भारताची बाजू मांडणाऱ्यांत महान्यायवादी मो. चि. सेटलवाड होते आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला हे भारताने नियुक्त केलेले तदर्थ न्यायाधीश होते. या वादात मराठे व पोर्तुगीज यांच्यातील १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांचा अर्थ लावणे क्रमप्राप्त झाले. न्यायालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी व फ्रेंच. दस्तऐवज मराठी व पोर्तुगीज. ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांनी भूमीचे सार्वभौमत्व दिले, की केवळ तिच्या वसुलाचा हक्क दिला, यावर प्रकरणाचा एक महत्त्वाचा भाग अवलंबून होता. मराठ्यांनी दिला तो १२,००० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मूकपणे मान्य केले, असाही निष्कर्ष काढला.

१२ एप्रिल १९६० च्या या न्यायनिर्णयात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्या येण्याजाण्याचा पोर्तुगालचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला, तर सशस्त्र दले, पोलीस व शस्त्रास्त्रे यांबाबतचा हक्क ८ विरुद्ध ७ अशा एका मताच्या फरकाने नाकारला गेला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. छागला यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. जेथे मतांची विभागणी इतकी निकट असते, तेथे एखाद्या शब्दाच्या भाषांतराविषयीचे किंवा पूर्वनिर्णयाच्या व्याप्तीविषयीचे टिपण अचूक व नि:पक्षपाती असणे किती आवश्यक आहे, हे निराळे सांगावयास नको. सल्लागारास मत नसते. पण मत ज्या सामग्रीवर बनते, ती जुळविण्याचे काम त्याच्याकडे असते.

कधी अडचण दस्तऐवजांची असते, तर कधी वेळेची. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने महाराष्ट्रातील कुलभूषण जाधव यांना देहदंड सुनावला, तेव्हा भारताने ८ मे २०१७ रोजी अर्ज दाखल केला. १५ मे रोजी सुनावणी झाली आणि १८ मे रोजी अंतिम निर्णय होईपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी होऊ नये, असा आदेश न्यायालयाने एकमताने दिला. सुनावणी व आदेश यांत केवळ तीन दिवसांचे अंतर होते. त्या अवधीत विचारविनिमय, मसुदा, दोन्ही भाषांतील संहितांचा मेळ व मतदान एवढे सर्व उरकावे लागते. अनुभवी विधी विभागावाचून ते अशक्यप्राय ठरेल. याउलट हवामानबदलाविषयी राष्ट्रांच्या कर्तव्यांसंबंधीच्या सल्लामताच्या प्रकरणात ९१ लेखी निवेदने आली आणि डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत ९६ राष्ट्रे व ११ आंतरराष्ट्रीय संघटना सहभागी झाल्या. २३ जुलै २०२५ रोजी सल्लामत प्रसिद्ध झाले. एवढ्या सामग्रीचे वर्गीकरण एकट्या न्यायाधीशाने करणे संभवत नाही.

फौजदारी न्यायाधिकरणे : युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत सल्लागाराचे पद निराळ्या मार्गाने विकसित झाले. न्यूरेंबर्ग येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणात (१९४५–४६) अमेरिकन न्यायाधीश फ्रान्सिस बिडल यांनी हर्बर्ट वेक्स्लर, क्विन्सी राइट, जेम्स रो व एड्रियन फिशर यांसारखे विधिज्ञ आपल्याबरोबर नेले होते. कटाच्या आरोपाची व्याप्ती, संघटनांना गुन्हेगार ठरविण्यातील धोके यांसारख्या प्रश्नांवर त्यांची टिपणे उपयोगी पडली. याच न्यायाधिकरणात प्रत्येक राष्ट्राचा एक पर्यायी न्यायाधीशही असे व त्यास मताधिकार नसे. तथापि, न्यायनिर्णयाच्या मसुद्याचा मोठा भाग नॉर्मन बर्केट या ब्रिटिश पर्यायी न्यायाधीशांनी लिहिला. लेखन एकाचे आणि मत दुसऱ्याचे, ही स्थिती आंतरराष्ट्रीय न्यायदानात नवी नाही, हे यावरून दिसून येते.

१९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने पूर्वाश्रमीच्या यूगोस्लाव्हियासाठी न्यायाधिकरण स्थापिले. साक्षीदारांची संख्या व पुराव्याचे प्रमाण अतोनात असल्याने प्रत्येक न्यायपीठास विधी अधिकाऱ्यांचा एक गट व त्यावर ज्येष्ठ विधी अधिकारी अशी रचना झाली. खटल्यापूर्वीच्या टप्प्यात न्यायाधीशास ज्येष्ठ विधी अधिकाऱ्याने साहाय्य करावे, अशी तरतूद नियमांतच करण्यात आली. पूर्वी पडद्याआड असलेल्या या पदास त्यामुळे नियमांत स्पष्ट स्थान मिळाले. हे न्यायाधिकरण २०१७ अखेर बंद झाले. परंतु त्याची रचना रोम संविधीनुसार २००२ पासून अस्तित्वात आलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पुढे चालू राहिली. फौजदारी खटल्यात व्यक्तीचे स्वातंत्र्य पणास लागलेले असते. म्हणून पुरावा न्यायाधीशाने स्वत: ऐकला व तोलला पाहिजे, या तत्त्वास तेथे विशेष महत्त्व आहे.

यूरोपीय न्यायालये : यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडील प्रलंबित अर्जांची संख्या २०११ मध्ये दीड लाखाच्या वर गेली होती. १ जून २०१० पासून अमलात आलेल्या चौदाव्या उपसंधीने, उघडपणे अग्राह्य अर्ज एकाच न्यायाधीशाने निकालात काढावेत व त्यास प्रबंधक कार्यालयातील निवेदकांनी साहाय्य करावे, अशी व्यवस्था केली. निरनिराळ्या विभागांच्या निर्णयांत सुसंगती राहावी म्हणून त्या न्यायालयात एका ज्येष्ठ विधिज्ञाचे स्वतंत्र पदही आहे. यूरोपीय संघाच्या न्यायालयात मात्र प्रत्येक न्यायाधीशाच्या दिमतीस त्याचे स्वत:चे विधिसाहाय्यक असतात. पहिल्या पद्धतीत न्यायालयाची एकवाक्यता अधिक साधते. दुसऱ्या पद्धतीत न्यायाधीशाचे वैचारिक स्वातंत्र्य अधिक जपले जाते.

मतभेद व मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशांना दीर्घकाळ वैयक्तिक विधिसाहाय्यक नव्हते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशी पदे मंजूर होऊ लागली व पुढे प्रत्येक न्यायाधीशास साहाय्यक मिळाला. विद्यापीठांनी पाठविलेले तरुण पदवीधरही न्यायाधीशांबरोबर वर्षभर काम करतात. ही संधी संपन्न देशांतील विद्यापीठांपुरती मर्यादित राहते, या आक्षेपाची दखल घेऊन विकसनशील देशांतील उमेदवारांसाठी आमसभेने २०२० मध्ये विश्वस्त निधीची तरतूद केली. सल्लागार कोणत्या विधिपरंपरेतून येतात याचा परिणाम त्यांच्या टिपणांवर होतो, ही जाणीव त्यामागे होती.

साहाय्य अदृश्य असावे की प्रकट, हाही वादाचा मुद्दा आहे. अर्जेंटिना व उरुग्वाय यांच्यातील कागदगिरण्यांच्या प्रकरणात (२०१०) न्यायाधीश अल्-खसावने व सिमा यांनी आपल्या संयुक्त भिन्नमतपत्रिकेत, पक्षांच्या नकळत अंतर्गत तज्ज्ञांचा सल्ला घेण्याच्या प्रथेवर टीका केली. शास्त्रीय प्रश्नांवर उघडपणे तज्ज्ञ नेमावेत, म्हणजे पक्षांना त्यांची उलटतपासणी करता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. कायद्याच्या प्रश्नावरील सल्ला व वस्तुस्थितीविषयक प्रश्नावरील सल्ला यांत त्यांनी सुचविलेला हा भेद महत्त्वाचा आहे. कायदा जाणणे हे न्यायाधीशाचेच काम असल्याने त्यावरील टिपण तो स्वत: पारखू शकतो, रसायनशास्त्राच्या टिपणाबाबत तसे म्हणता येत नाही.

लवादाच्या क्षेत्रात हा वाद याहून तीव्र झाला. युकोस कंपनीच्या भागधारकांना सुमारे ५० अब्ज डॉलरची भरपाई देणारे २०१४ चे निवाडे रद्द करावेत, असा अर्ज करताना रशियाने जे आक्षेप घेतले, त्यांत निवाड्यांचा बराचसा मजकूर लवाद मंडळाच्या साहाय्यकाने लिहिला, हा एक होता. हेगच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये हा आक्षेप अमान्य केला. मसुदा दुसऱ्याने तयार केला, तरी निर्णय लवादांनी स्वत: घेतला व मजकुराची जबाबदारी स्वीकारली, तर निवाडा दूषित होत नाही, अशी त्याची भूमिका होती.

ही कसोटी व्यवहार्य असली, तरी तिच्यामुळे प्रश्न पूर्णत: सुटत नाही. लिहिता लिहिता विचार स्पष्ट होतो आणि पुष्कळदा बदलतोही. कारणमीमांसा शब्दांत उतरेना म्हणून निष्कर्ष सोडून द्यावा लागला, असे प्रसंग न्यायदानात येतात. लेखनाचे काम सर्वस्वी दुसऱ्याकडे सोपविल्यास ही आत्मपरीक्षणाची संधी न्यायाधीश गमावतो. मसुदा समितीत न्यायाधीशच असावेत, प्रत्येकाने आपले टिपण आधी लिहावे आणि मसुद्याचे दोनदा वाचन व्हावे, या जुन्या पद्धतीचे खरे मर्म येथे आहे. सल्लागारापासून न्यायाधीशास दूर ठेवणे हा तिचा हेतू नाही. त्याने सिद्ध केलेल्या सामग्रीस न्यायाधीशाच्या स्वत:च्या विचारातून जावयास लावणे, हा आहे.

भारतीय वाचकास या संदर्भात सर बेनेगल नरसिंह राव यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार म्हणून त्यांनी भारतीय संविधानाचा प्रारंभिक मसुदा सिद्ध केला. पण सभेचे सदस्य नसल्याने त्यांना तेथे मताधिकार नव्हता. १९५२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले व १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. आन्त्सिलोत्ती व हामारशल्ड यांच्याप्रमाणेच राव यांच्या जीवनातही सल्लागाराची व निर्णयकर्त्याची अशा दोन्ही भूमिका आल्या. मत देण्याचा अधिकार नसताना संपूर्ण माहिती प्रांजळपणे पुढे ठेवणे आणि तो अधिकार आल्यावर आपल्या नावाने उत्तरदायी होणे, ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. ती परस्परांत मिसळू न देण्यावरच आंतरराष्ट्रीय न्यायालयांविषयीचा राष्ट्रांचा विश्वास बऱ्याच अंशी अवलंबून आहे.